मंग ‘इन’ कुठं गेलं?

कळमेश्वरला एका मराठी शाळेत मी सत्तावीस वर्षं इंग्रजी शिकवलं. आता घरच्या पडवीत संध्याकाळी सात ते साडेआठ पोरं येतात. त्यात दहावी-बारावीची असतात, आयटीआयची असतात, एमआयडीसीत नुकती कामाला लागलेलीही असतात. एवढ्या वर्षांत एक वाक्य मी किती वह्यांत पाहिलं त्याची गणती नाही: ‘द व्हिलेज विच आय लिव्ह इज मोहपा.’ गाव बदलतं, कधी धापेवाडा, कधी गोंडखैरी, कधी ब्राह्मणी. चूक मात्र तीच, ‘लिव्ह’च्या मागचं ‘इन’ नाही. दुसऱ्या टोकाला, ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ असे शब्द चिकटलेली क्रियापदं या ‘विच’वाल्या वाक्यांत आली की हुशार पोरंही चाचपडतात. शिकवता शिकवता या छोट्या शब्दांबद्दल जे हाती लागलं, ते मांडते आहे. यातलं बरंचसं पोरांनीच मला शिकवलं.

१. पोरगं ‘इन’ विसरत नाही, मराठीत ते नसतंच

पहिली दहा-बारा वर्षं मी लाल शाईने ‘इन’ लिहून त्याला वर्तुळ करत असे आणि खाली शेरा, ‘लक्ष नाही’. एका उन्हाळ्यात वह्या तपासताना तेच वाक्य मी सहज मराठीत पुटपुटले. मी राहतो ते गाव. आणि हात थांबला. यात ‘इन’ कुठे आहे?

‘गावात राहतो’ म्हणताना ‘त’ असतो. पण गावाला पुढे आणून ‘मी राहतो ते गाव’ म्हटलं की तो ‘त’ गळून पडतो, आणि कोणालाच त्याची उणीव भासत नाही. आम्ही शिकलो ती शाळा. तो बसला होता ती खुर्ची. गाडी थांबली ते स्टेशन. शाळेत शिकलो, खुर्चीवर बसला, स्टेशनवर थांबली. म्हणजे एक ‘त’ आणि दोन ‘वर’ गेले, अर्थ मात्र जागच्या जागी. ‘आम्ही शिकलेली शाळा’ म्हटलं तरी तेच. गाव आणि राहणं शेजारी आलं की त्यांचं नातं मराठी माणूस आपोआप समजून घेतो. इंग्रजी तसं समजून घेत नाही. तिथे ‘इन’ला जागा द्यावीच लागते, मग ती ‘विच’च्या आधी असो की वाक्याच्या शेपटीला.

म्हणजे माझ्या पोरांचं लक्ष पूर्ण होतं. ती आपल्या भाषेशी प्रामाणिक होती आणि मी त्यांना बेपर्वा ठरवत होते. तो शेरा मी त्या वर्षीपासून लिहिला नाही.

उपाय मराठीतच सापडला. ‘मी राहतो ते गाव’ याऐवजी ‘ज्या गावात मी राहतो ते गाव’ असं लांबलचक म्हणायला लावायचं. ‘जो’ आला की गळालेला शब्द परत उगवतो: ज्या शाळेत, ज्या खुर्चीवर, ज्या बाईंशी, ज्या गाडीची वाट. तो दिसला की समजायचं, इंग्रजीतही इथे काहीतरी बसवायचं आहे. काय बसवायचं हे मात्र इंग्रजी क्रियापदालाच विचारावं लागतं. ‘ज्या बाईंना भेटलो’ यातल्या ‘ना’साठी इंग्रजीत काही लागत नाही, आणि ‘ज्या गाडीची वाट पाहिली’ याला ‘वेट’मागे ‘फॉर’ लागतो. तेवढं पाठ करण्याला पर्याय नाही.

२. शेवटचा शब्द कोणाचा, हे आधी विचारावं

ही गोष्ट मला एका मुलीने शिकवली. ब्राह्मणीहून सायकलने यायची, नववीत होती. आदल्या दिवशी मी वर्गात सांगितलं होतं की ‘द चेअर विच आय सॅट ऑन’ म्हणा की ‘द चेअर ऑन विच आय सॅट’ म्हणा, दोन्ही बरोबर. दुसऱ्या दिवशी तिने वहीत लिहून आणलं: ‘द वर्ड अप विच आय लुक्ड.’ डिक्शनरीत शोधलेला शब्द, असं तिला म्हणायचं होतं. मी फुली मारली.

ती वही घेऊन टेबलापाशी आली. “मॅडम, काल तुमीच तं सांगतलं ना, ‘ऑन विच’ चालते म्हणून. मंग ‘अप विच’ काऊन नाही चालत?”

मी म्हणाले, “तसं म्हणत नाहीत.” भाषेच्या शिक्षकाने असं उत्तर दिलं की समजावं, उत्तर त्यालाही ठाऊक नाही. ती काही बोलली नाही, जागेवर जाऊन बसली. पण तिचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

उत्तर आलं ते भिंतीपलीकडून. आमच्या शाळेच्या दोन खोल्यांमध्ये नुसती पत्र्याची भिंत होती. पलीकडे मराठीचे सर आठवीला संयुक्त क्रियापद शिकवत होते. “बाळूने लाडू खाऊन टाकला. आता सांगा, बाळूने लाडू फेकला का? नाही ना? मग इथे ‘टाकला’ म्हणजे काय?” माझा वर्ग लिहीत होता. मी खडू हातात धरून ऐकत राहिले.

‘खाऊन टाकणे’ यात टाकणं उरलेलं नाही. ‘बोलून बसणे’ यात कोणी बसत नाही. आपल्या नागपुरी बोलीत तर दिवसभर तेच: जेवून राहिलो, जाऊन राहिली, करून राहिले. दोन शब्द मिळून एक क्रिया होते, आणि दुसऱ्याचा मूळ अर्थ विरून जातो. ‘लुक अप’ तसंच आहे. ‘अप’ म्हणजे वर, पण शब्द शोधताना कोणी वर पाहत नाही. ‘अप’ क्रियापदाच्या घरचा झाला आहे. ‘सॅट ऑन’मधला ‘ऑन’ मात्र खुर्चीच्या घरचा. मराठीत तो ‘खुर्चीवर’ असा नामालाच चिकटून येतो. आपण त्याला शब्दयोगी अव्यय म्हणतो.

आता ‘बाळूने खाऊन टाकलेला लाडू’ बघा. लाडू पुढे आला तरी ‘खाऊन’ आणि ‘टाकलेला’ एकमेकांना सोडत नाहीत. ‘टाकून खाल्लेला लाडू’ म्हटलं तर वेगळंच काही होईल. तसंच ‘द वर्ड विच आय लुक्ड अप’. शब्द पुढे गेला म्हणून क्रियापद आपल्या घरचं माणूस त्याच्यासोबत पाठवत नाही. खुर्ची पुढे गेली तर तिचा ‘ऑन’ तिच्यासोबत जाऊ शकतो, कारण तो तिचाच आहे.

मराठीतली दोन क्रियापदं आणि इंग्रजीतलं क्रियापद अधिक ‘अप’ हे व्याकरणाने एक नव्हे, हे मी पोरांना दरवेळी सांगते. शब्दाला शब्द लावायला गेलात तर फसाल. पण कोण कोणाच्या घरचं, ही समज आपल्या भाषेत आधीपासून आहे. तीच वापरायची.

उत्तर मिळालं तोवर ती मुलगी दहावी होऊन नागपूरला गेली होती. तिला मी ते सांगू शकले नाही. त्यानंतर आलेल्या प्रत्येक तुकडीला तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत फळ्यावर लिहून शिकवत आले.

३. ओळखायची खूण एकच पुरते

व्याकरणाच्या पुस्तकांत चार-पाच कसोट्या असतात. पडवीत बसणाऱ्या पोराला एक दिली तरी चालतं: मध्ये ‘इट’ घालून पाहा. ‘लुक इट अप’ म्हणता येतं, ‘फिल इट इन’ म्हणता येतं, ‘टर्न इट डाऊन’ म्हणता येतं. म्हणजे ते शेपूट क्रियापदाचं. ‘सिट इट ऑन’ म्हणता येत नाही, ‘वेट इट फॉर’ म्हणता येत नाही; म्हणजे ते नामाचं. पहिल्या जातीचं शेपूट ‘विच’च्या आधी कधीच आणायचं नाही. दुसऱ्याचं आणा किंवा नका आणू.

आणि एकच शब्द दोन्हीकडे असू शकतो, हे विहिरीवरून समजतं. आमच्याकडे जुन्या वाड्यांमागे अजून विहिरी आहेत. कठड्यावरून वाकून आत पाहिलं तर ‘द वेल डाऊन विच आय लुक्ड’ हे चोख इंग्रजी आहे, कारण इथे ‘डाऊन’ विहिरीचा आहे, नजर खरोखरच खाली गेली. पण बँकेने नाकारलेला अर्ज ‘डाऊन विच’ होत नाही. तो ‘द ॲप्लिकेशन विच द बँक टर्न्ड डाऊन’ असाच. तिथे कुणी काही खाली केलेलं नाही.

४. ‘शेवटी प्रिपोझिशन नको’ या नियमापायी मी बरोबर वाक्यांचे गुण कापले

हे मला अजून सलतं. मी शिकले तेव्हा आम्हाला शिकवलेलं होतं की सभ्य इंग्रजी वाक्य ‘इन’, ‘फॉर’, ‘विथ’ अशा शब्दावर संपत नाही. मी तो नियम डोळे मिटून पुढे दिला. ‘द ट्रेन आय वॉज वेटिंग फॉर’ असं लिहिणाऱ्या मुलाचा अर्धा गुण कापला आणि ‘फॉर विच आय वॉज वेटिंग’ असं करून दाखवलं. त्या मुलाचं वाक्य निर्दोष होतं. इंग्लंडात कोणीही तसंच बोललं असतं.

नंतर या नियमाचं कूळ शोधलं. १६७२ साली कवी जॉन ड्रायडन याने आधीच्या पिढीतल्या बेन जॉन्सनच्या लेखनात हा दोष काढला. पुढे त्याने स्वतःचं जुनं लेखनही त्या हिशेबाने दुरुस्त केलं. लॅटिनमध्ये असा शब्द वाक्याच्या शेवटी एकटा लोंबकळत नाही, आणि त्या काळच्या विद्वानांना लॅटिन हाच आदर्श. १७६२ साली रॉबर्ट लोथ या पाद्र्याने आपल्या व्याकरणात तो शब्द ‘विच’च्या आधी ठेवणं अधिक डौलदार मानलं, पण इंग्रजीचा ओढा शेवटी ठेवण्याकडेच आहे हेही कबूल केलं. पुढच्या शिक्षकांनी पसंतीचा नियम करून टाकला. १९२६ साली हेन्री फाउलरने आपल्या ‘डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश युसेज’मध्ये या नियमाला चक्क अंधश्रद्धेच्या खात्यात टाकलं. आणि मी त्यानंतर कितीतरी दशकांनी कळमेश्वरात तीच अंधश्रद्धा गुण कापून पाळत होते.

चर्चिलचा म्हणून एक किस्सा सांगतात. कोण्या अधिकाऱ्याने त्याचं वाक्य या नियमाने दुरुस्त केलं, तेव्हा त्याने चिडून ‘अप विथ विच’ असं मुद्दाम वेडंवाकडं वाक्य लिहून नियमाची खोड मोडली. ते चर्चिलचंच याला भक्कम पुरावा नाही. पण मला त्या वाक्याचा वेगळा उपयोग होतो. ते वेडंवाकडं झालं ते ‘विथ’ पुढे गेल्यामुळे नाही, ‘अप’ला ओढून नेल्यामुळे. ब्राह्मणीच्या मुलीने केलं होतं तेच.

प्रिपोझिशनला ‘विच’च्या मागे बांधून पुढे नेण्याला भाषाशास्त्रात ‘पाइड पायपिंग’ म्हणतात. जॉन रॉस या अमेरिकन अभ्यासकाच्या १९६७ च्या प्रबंधातून ते नाव रूढ झालं. पुंगीवाला पुढे चालतो, उंदीर त्याच्यामागे, ती हॅमलिनची गोष्ट आपल्याकडेही पोरांना माहीत असते. मराठीचं तर असं आहे की ‘ज्या’ आला की उंदीर मागे असलाच पाहिजे: ज्याच्यावर, ज्याच्याशी, ज्याच्यासाठी. ‘वर’ला एकटं शेवटी सोडायची सोयच आपल्याकडे नाही. म्हणून मराठी पोराला ‘ऑन विच’ हे लेखी रूप लवकर जमतं आणि ‘सॅट ऑन’ हे बोलकं रूप अवघडल्यासारखं वाटतं. मी आता दोन्ही शिकवते. अर्जात, अहवालात पहिलं. बोलण्यात आणि मुलाखतीत दुसरं.

५. तीन शब्दांचं क्रियापद आलं तर फक्त शेवटचा हलतो

‘पुट अप विथ’ म्हणजे निभावून नेणं, सहन करणं. ‘लुक अप टू’ म्हणजे कोणाला मानणं. ‘लुक डाऊन ऑन’ म्हणजे तुच्छ लेखणं. यात पहिले दोन नवरा-बायको आणि तिसरा पाहुणा. पाहुणा नामासोबत आलेला, म्हणून हवं तर नामासोबत पुढे जाऊ शकतो: ‘द मॅन टू हूम वी लुक अप’ बरोबर आहे, थोडं भारदस्त आहे. ‘अप टू हूम वी लुक’ नाही. पण खरं सांगायचं तर कोणालाच हलवू नका. ‘द मॅन वी लुक अप टू’ यात जो सहजपणा आहे तो दुसऱ्या कशात नाही. एका पोराने याच सांगाड्यावर संत्र्याच्या भावाबद्दल लिहिलं होतं, ‘द रेट्स माय फादर पुट्स अप विथ’. मी त्याला काहीही सुधारून दिलं नाही.

६. मध्ये शिरणाऱ्या ‘इट’ला बाहेर काढावं

ही चूक माझ्या शिकवण्यातूनच निघाली. ‘इट’ घालून पाहा म्हणून सांगितलं, तर पोरं ‘इट’ काढायलाच विसरली. ‘द फॉर्म विच आय फिल्ड इट इन.’ इथे ‘विच’ म्हणजेच तो फॉर्म. पुन्हा ‘इट’ आणला तर फॉर्म दोन झाले. कसोटी लावायची, उत्तर घ्यायचं आणि ‘इट’ पुसायचा. त्यासाठी मी ‘इट’ नेहमी पेन्सिलने लिहायला लावते आणि खोडरबर समोर ठेवते. गंमत वाटेल, पण हात एकदा पुसायला शिकला की डोकंही शिकतं.

दुसरा ‘इट’ मराठीतून येतो. ‘जो फॉर्म मी भरला, तो हरवला.’ आपल्याकडे ‘जो’ आला की ‘तो’ यावाच लागतो, दोघांची जोडी आहे. त्या जोडीमुळे पोरं लिहितात, ‘द फॉर्म विच आय फिल्ड इन, इट गॉट लॉस्ट.’ हा ‘इट’ वेगळ्या ठिकाणी आहे आणि त्याचं कारणही वेगळं. दोन्हींना एकच फुली मारली तर पोराला काहीच कळत नाही. मी एकाला ‘कसोटीचा इट’ म्हणते, दुसऱ्याला ‘जो-तोचा इट’. नावं पुस्तकी नाहीत, पण आमच्या पडवीत ती चालतात.

७. ‘विच’ दिसत नसेल तर तो कुठे लपला आहे ते शोधावं

बोलताना आणि सूचना लिहिताना इंग्रज माणूस ‘विच’, ‘दॅट’ गाळतो. परीक्षेच्या इंग्रजीत हे क्वचित भेटतं, कारखान्याच्या इंग्रजीत रोज.

फिटरचा ट्रेड झालेला एक मुलगा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नुकता लागला होता. एका संध्याकाळी तो सरळ पाळीवरूनच आला. खिशातून चौपदरी घडी घातलेला कागद काढला. घडीवर तेलाचा डाग, कडेला काळ्या बोटांचे ठसे. मशीनवर काम करताना पाळायच्या सूचना होत्या. म्हणाला, “मॅडम, यातले शब्द सारे येतात मले. पण वाक्य हाती नाही लागून राहिलं.”

पहिलं वाक्य होतं, ‘चेक द पॅनल द मशीन इज कनेक्टेड टू.’ त्याने लावलेला अर्थ असा: पॅनल तपासा, मशीनसुद्धा जोडलेली आहे. शेवटचा ‘टू’ त्याने ‘सुद्धा’वाला धरला होता, कारण एकट्या उभ्या असलेल्या ‘टू’चं दुसरं काय करायचं ते त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. खरा अर्थ होता, मशीन ज्या पॅनलला जोडलेली आहे ते पॅनल तपासा. शेडमध्ये चार पॅनल असतील तर या दोन अर्थांत किती अंतर पडतं, ते त्याच्या चेहऱ्यावरच मला दिसलं.

दुसरं, ‘द व्हॉल्व्ह यू शट ऑफ मस्ट बी टॅग्ड.’ त्याला वाटलं, व्हॉल्व्ह तुम्ही बंद करा, असा हुकूम आहे. खरं म्हणजे बंद करायचा हुकूम तिथे नाहीच. जो व्हॉल्व्ह तुम्ही बंद कराल त्याला चिठ्ठी लावलीच पाहिजे, एवढंच आहे.

आम्ही दोघांनी पेन्सिल घेतली. मी त्याला दोन जागा दाखवल्या. पहिली, दोन नावं काही खूण नसताना एकमेकांना टेकतात ती: ‘द पॅनल’ आणि लगेच ‘द मशीन’, ‘द व्हॉल्व्ह’ आणि लगेच ‘यू’. डेन्मार्कचा व्याकरणकार ऑटो येस्पर्सन अशा उपवाक्याला ‘कॉन्टॅक्ट क्लॉज’ म्हणतो, टेकलेलं वाक्य. जिथे टेकलं तिथे न दिसणारा ‘विच’ आहे. तिथे उभी रेघ मारायची. दुसरी जागा, जिथे छोटा शब्द ओसाड उभा असतो, त्याच्यापुढे त्याचं नाम नसतं. ‘टू’ आणि पूर्णविराम. ‘ऑफ’ आणि लगेच ‘मस्ट’. तिथे दुसरी रेघ. दोन रेघांच्या मधलं सगळं मिळून पॅनलचं किंवा व्हॉल्व्हचं वर्णन आहे. ते झाकून उरलेलं वाचायचं: ‘चेक द पॅनल.’ ‘द व्हॉल्व्ह मस्ट बी टॅग्ड.’ मग झाकलेलं उघडायचं.

कागदावर अकरा सूचना होत्या. पाचवीनंतर तो स्वतः रेघा मारू लागला. ‘रिपोर्ट एनी बोल्ट दॅट हॅज कम ऑफ’ यापाशी थांबला आणि विचारलं, इथे ‘दॅट’ का नाही गाळला? प्रश्न रास्त होता. इथे निखळणारा बोल्टच आहे, करणारा दुसरा कोणी नाही. अशा ठिकाणी ‘दॅट’ गाळला तर वाक्याचा कणाच जातो. ‘यू’, ‘द मशीन’, ‘वी’ असा दुसरा कर्ता पुढे उभा असेल तेव्हाच गाळायची मुभा. साडेआठ कधीच वाजून गेले होते.

मला वाटतं, आमच्या तालुक्यातल्या पोरांना इंग्रजीची खरी गरज इथे आहे. निबंधात ‘द व्हिलेज विच आय लिव्ह’ लिहिलं तर अर्धा गुण जाईल. यंत्रापाशी उभं राहून शेवटचा ‘टू’ कळला नाही तर काय जाईल याचा विचार करवत नाही. आणि हे आम्ही शाळेत शिकवत नाही.

८. कानाने ऐकलं की निम्मं काम होतं

‘द वर्ड आय लुक्ड अप’ म्हणताना जोर ‘अप’वर येतो. ‘द पिक्चर आय लुक्ड ॲट’ म्हणताना जोर ‘लुक्ड’वर येतो, ‘ॲट’ हलका राहतो. क्रियापदाच्या घरचा शब्द ठसक्यात उच्चारला जातो, नामाच्या घरचा हलक्याने. मात्र तो हलका शब्दही शेवटी एकटा राहिला की गिळला जात नाही: एरवी ‘फ’सारखा ऐकू येणारा ‘फॉर’ शेवटी पूर्ण ‘फॉर’ ऐकू येतो. दहा वाक्यं मोठ्याने म्हणून घेतली की पोरांना कसोटीची गरज उरत नाही.

९. क्रियापदांची यादी पाठ करू नये, आपल्या दिवसातून गोळा करावी

बाजारात ‘पाचशे फ्रेझल व्हर्ब्ज’ अशी पुस्तकं मिळतात. मीही आणली होती, वाटलीही. दुसऱ्या आठवड्यात पोरांच्या डोक्यात ‘पुट ऑफ’, ‘पुट ऑन’, ‘पुट आउट’ यांचा काला झालेला असे. यात त्यांचा दोष नाही. डॉ. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच कबूल केलं आहे की परक्या माणसाला इंग्रजीत सगळ्यात जास्त अडचण याच जोड्यांची होते. त्यांना ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव छापील मिळालं ते १९२५ साली, लोगन पिअरसल स्मिथच्या पुस्तकात. त्याने ते ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचं सांगितलं आहे. नाव उशिरा आलं, जोड्या शेकडो वर्षं लोकांच्या तोंडी होत्या. मग आपल्या पोरांच्याही तोंडातूनच त्या का येऊ नयेत?

एका आंबिया बहाराच्या हंगामात मी यादी बंद केली. म्हटलं, घरी, वाडीत, रस्त्यावर आज काय झालं ते सांगा. मात्र ‘अमुक जे तमुक झालं’ अशा घाटात सांगा. पोरं संत्र्याच्या घरची. फळगळ झाली होती. एक म्हणाला, “गळालेली फळं.” ‘द फ्रूट दॅट फेल ऑफ.’ दुसरा, “आटलेली बोअर.” ‘द बोअरवेल दॅट ड्राइड अप.’ मग झरा फुटल्यासारखं सुरू झालं. ऐन वेळी बंद पडलेली मोटर, ‘द मोटर दॅट ब्रोक डाऊन’. सौदा करून मागे हटलेला व्यापारी, ‘द ट्रेडर हू बॅक्ड आउट’. फेडून टाकलेलं कर्ज, ‘द लोन वी पेड ऑफ’. आणि इथे मागच्या बाकावरून आवाज आला, “आमचं तं फिटलंच नाही, मंग कसं म्हणू?” ‘द लोन वी कुडन्ट पे ऑफ.’ वर्ग शांत झाला. ते वाक्य फळ्यावर मी लिहिलं नाही, त्या पोराला लिहायला बोलावलं. त्याने ‘ऑफ’ बरोबर शेवटी ठेवला.

त्या दिवशी फळ्यावर चौदा वाक्यं झाली. एकही पुस्तकातलं नव्हतं. पुढच्या महिन्यात परीक्षा घेतली तेव्हा त्यातलं जवळपास काहीच पोरं विसरली नव्हती.

१०. आपल्या नियमाला पोरगं भगदाड पाडेल, ते पाडू द्यावं

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. लाइट गेलेली, पडवीत एक कंदील आणि दोन मोबाइलचे टॉर्च. मी पहिलाच धडा नव्या पोरांना समजावत होते: मराठीत ‘त’, ‘वर’ गळतात, इंग्रजीत गळत नाहीत, ‘इन’ला, ‘ऑन’ला जागा द्यायचीच. दहावीतली एक मुलगी गुडघ्यावर वही घेऊन बसली होती. तिने हात वर केला.

“मॅडम, काल मोबाइलवर एक इंग्लिश बाई बोलून राहिली होती. ती म्हणे, ‘द डे आय वॉज बॉर्न’. जन्म तं ‘ऑन’ अ डे होते ना? मंग तिचं ‘ऑन’ कुठं गेलं?”

मी खडू खाली ठेवला. ती बरोबर होती. दिवस, वर्ष, वेळ असे काळाचे शब्द आले की इंग्रजीही तो छोटा शब्द गाळून टाकते. ‘द इअर वी गॉट मॅरीड’, ‘द टाइम ही केम’. बोलण्यात तर ‘द प्लेस आय लिव्ह’सुद्धा चालून जातं. ‘द व्हिलेज आय लिव्ह’ मात्र नाही. ‘मी जन्मले तो दिवस’ आणि ‘द डे आय वॉज बॉर्न’, दोन्हींत नातं न सांगता समजलेलं आहे. ‘लक्ष नाही’ हा शेरा सोडला तेव्हापासून मी पोरांना सांगत आले की ही सवय फक्त आपली.

“लिही,” मी तिला म्हटलं, “आणखी अशी किती सापडतात बघ.” कंदील तिच्याकडे सरकवला. ती मान खाली घालून लिहू लागली. बाकीची पोरं तिच्या वहीवर वाकली.